भूक कुणाची, कोणत्या महिन्यातली आणि कशाची?

पत्राचा सारांश : लातूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने लिहिले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत ओळख झालेला त्यांचा पंधरा जणांचा गट लग्नसराईत मंगल कार्यालयांतून उरलेले जेवण उचलतो आणि शहराच्या कडेला पडलेल्या पालांवर (भटक्या, मजूर कुटुंबांच्या कापडी झोपड्यांवर) नेऊन वाटतो. एका मित्राच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड सगळीकडे फिरवून ३८,४०० रुपये जमले आहेत. १६ ऑक्टोबरच्या जागतिक अन्न दिनापर्यंत दोन लाख जमवायचे आणि त्या एका दिवसात जेवणाची ५,००० पाकिटे वाटायची, असा बेत आहे. मागच्या महिन्यात मात्र रात्री उशिरा नेलेला पुलाव खाऊन पालांवरच्या काही मुलांना उलट्या झाल्या. मुले बरी झाली, पण प्राचार्यांनी "हे सगळं थांबवा" म्हणून सांगितले. वडील म्हणतात, आधी अभ्यास कर. रांगेत भांडणे होतात म्हणून गटातले काही जण वैतागले आहेत. पत्राच्या अगदी शेवटी ती लिहिते, "माझी रूममेट महिन्याच्या शेवटी डबा बंद करते आणि चहा-बिस्किटांवर राहते. काही म्हणायला गेलं की चिडते." तिचा प्रश्न असा : थांबायचे की वाढवायचे? आणि वाढवायचे तर दोन लाख कसे जमवायचे?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

थांबू नकोस. मात्र ५,००० पाकिटांचा बेत सोडून दे, आणि उरलेले जेवण उचलण्याचे काम ते नीट करण्याची तयारी होईपर्यंत बंद ठेव. या दोन्ही गोष्टी का, ते सविस्तर सांगते. तुमच्यासारखे गट अंबाजोगाईपासून हिंगोलीपर्यंत जागोजागी आहेत आणि सगळ्यांच्या अडचणी जवळपास सारख्याच आहेत.

आधी पाकिटांचा हिशेब. दोन लाखांत ५,००० पाकिटे म्हणजे पाकिटामागे ४० रुपये आणि एका माणसाचे एक वेळचे जेवण. १७ ऑक्टोबरच्या सकाळी त्या माणसाच्या घरात काय बदललेले असेल? दुसरी बाजू हातांची आहे. पंधरातले पाच जण चुलीशी आणि गाडीशी धरले, तर भरायला दहा उरतात. प्रत्येकाने मिनिटाला दोन पाकिटे भरली तरी ५,००० पाकिटांना चार तासांहून जास्त वेळ लागतो. त्यावर वाहतूक आणि वाटप. पहिल्या कढईतले अन्न शेवटच्या माणसाच्या तोंडी जाईपर्यंत सहा-सात तास उलटलेले असतील. मागच्या महिन्यात जे झाले, तेच मोठ्या प्रमाणावर होण्याचा हा रस्ता आहे.

आता तारीख. १६ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा स्थापना दिवस, १९४५ सालचा. जगासाठी ती तारीख ठीक आहे, पण मराठवाड्यातली टंचाई त्या दिवशी टोकाला नसते. पाऊस बरा झाला असेल तर ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू असते, मजुरी मिळते, थोडाफार पैसा फिरतो. ओढ लागते ती जुलै ते सप्टेंबर. घरातली ज्वारी संपत आलेली असते, खते-बियाण्यांची उधारी डोक्यावर असते आणि नवे पीक अजून शेतात असते. दुसरी ओढ दिवाळीनंतर लागते, पण वेगळ्या माणसांना. बीड, धाराशिव, परभणीकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांवर गेले की गावात म्हातारी माणसे आणि काही मुले मागे राहतात. उचल (आगाऊ मजुरी) घेऊन गेलेल्यांकडून घरी पैसे यायला वेळ लागतो. तेव्हा कॅलेंडर बघायचे तर हे बघा. निधी आणि धान्य मार्च-एप्रिलमध्ये जमवा, म्हणजे ते पावसाळ्यात उपयोगी पडेल.

तुझ्या खोलीतली भूक

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी लिहिलीस. गटाच्या मनात भुकेले लोक म्हणजे पालांवरचे, स्टेशनवरचे, पुलाखालचे. पण लातूरसारख्या शहरात शिकायला आलेली हजारो मुले भाड्याच्या खोल्यांत आणि डब्यावर राहतात. त्यांतली कितीतरी कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि मजुरांची आहेत. प्रवेश शुल्क, खोलीची अनामत, पुस्तके हे सारे जून-जुलै-ऑगस्टमध्ये एकदम अंगावर येते, नेमके घरी पैसा नसतो तेव्हा. खोलीभाडे थांबवता येत नाही, शिकवणीचा हप्ता थांबवता येत नाही, डबा मात्र थांबवता येतो. म्हणून कात्री डब्याला लागते. वर्गात ही मुले नीटनेटकी दिसतात, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

तुझी रूममेट चिडते, ते समजण्यासारखे आहे. तिला तुमच्या यादीतले एक नाव व्हायचे नाही. "तू उपाशी का राहतेस" असे विचारू नकोस, तिच्यापुढे पाकीट तर अजिबात ठेवू नकोस. कुणी कुणाकडे मागायला न जाता जेवता येईल अशी सोय कॉलेजात करा, म्हणजे तिला वाटेल तेव्हा ती वापरेल.

ही सोय अशी बसवता येते. कॉलेजजवळच्या, मुले नेहमी जातात अशा दोन खानावळी निवडा. त्यांची रोजची कुपने असतात तशीच कुपने घ्या, तोच रंग, तोच छाप. मागच्या बाजूला फक्त अनुक्रमांक. ही कुपने एका विश्वासू प्राध्यापिकेकडे आणि ग्रंथालयातल्या एका कर्मचाऱ्याकडे ठेवा. जो मागेल त्याला महिन्याला वीसपर्यंत, कारण न विचारता. खानावळवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका. दर शनिवारी वापरलेली कुपने मोजा आणि तेवढ्याचेच द्या. तुमच्या भागात दोन वेळचा डबा महिना २,५०० रुपये असेल, तर शेवटच्या दहा दिवसांची तूट सुमारे ८५० रुपयांत भरून निघते. दोन लाखांत असे २३० हून जास्त महिनाअखेर पार पडतात.

हे कुठे बिघडते तेही सांगते. बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत कुणीतरी सुचवतो की उत्पन्नाचा दाखला मागू, म्हणजे गैरफायदा घेतला जाणार नाही. दाखला मागितला की ज्याला खरी गरज आहे तोच आधी गळतो. थोडी कुपने गरज नसलेल्याने वापरली तरी चालतील. वीसची मर्यादा आणि अनुक्रमांक एवढा बंदोबस्त पुरतो. दुसरा बिघाड खानावळीत होतो : "हे कुपनवाले" म्हणून भाजी पातळ वाढली जाते. अधूनमधून तुमच्यापैकीच कुणीतरी तेच कुपन घेऊन जेवून या, लगेच कळेल. नोटीस बोर्डावर नावे लावू नका. फोटो काढू नका, हे वेगळे सांगायला नको.

याच्या जोडीला सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत करणारे एक टेबल लावा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे, इतर मागास, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मुलांना नावे माहीत असतात, पण अर्ज अडतो तो आधार बँक खात्याला न जोडल्यामुळे, भाडेकराराचा कागद नसल्यामुळे, किंवा मुदत कधी गेली तेच न कळल्यामुळे. हप्ते उशिरा येतात, तेव्हा मधल्या महिन्यांना ही कुपने आधार देतात. कॉलेजात किंवा विद्यापीठात 'कमवा व शिका' चालू असेल तर तिथल्या जागा भरल्या आहेत का तेही बघा.

पालांवर आधी रेशनकार्ड बघा

पालांवरच्या माणसांना तुम्ही आठवड्यातून एकदा जेवण दिलेत. बाकीचे सहा दिवस ती काय खातात, हे गटात कुणाला ठाऊक आहे का? दोष देण्यासाठी नाही विचारत. कामाची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी, म्हणून विचारते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरलेली आहे. पालावरची बहुतेक घरे यात बसतील, तरी धान्य मिळत नसेल. कारण हुडकायला एक रविवार द्या. दोघा-दोघांच्या जोड्या करा, एका जोडीला आठ घरे. प्रश्न थोडेच : कार्ड आहे का आणि कोणत्या गावचे? त्यावर किती नावे आणि घरात किती माणसे? शेवटचे धान्य कोणत्या महिन्यात उचलले? दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागतो का, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) झाली का? सहा वर्षांखालची मुले अंगणवाडीत जातात का? घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई आहे का?

उत्तरांत काय निघेल, ते बरेचसे आधीच सांगता येते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावर राहिलेले असते. लेकरांची नावे चढवलेलीच नसतात. म्हाताऱ्यांचे अंगठे कामाने झिजलेले, यंत्र घेत नाही. कार्ड रेणापूर नाहीतर औशाच्या खेड्यात, आणि माणसे लातुरात, म्हणून "आमचं रेशन गावाकडं हाय" असे म्हणून सोडून दिलेले असते. या शेवटच्या अडचणीवर उपाय तयार आहे : 'एक देश, एक रेशनकार्ड' सोयीमुळे कोणत्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येते, आणि निम्मे घर गावाकडे असेल तर तिकडच्यांनी तिकडे, इकडच्यांनी इकडे आपला वाटा घ्यायचा. दुकानदार "कोटा संपला" म्हणाला तर तारीख-वेळ लिहून घ्या, १९६७ या क्रमांकावर तक्रार करा, आणि तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. अर्जावर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांची वेगळी यादी करून सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीने तहसीलदारांना द्या.

प्राधान्य यादीत नसलेल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचा प्रश्न निराळा. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांसह राज्यातल्या १४ जिल्ह्यांत त्यांना स्वस्त धान्य मिळायचे, २०२३ पासून त्याऐवजी कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात रोख रक्कम जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसेल तर ती येतच नाही, आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. तुमच्या वर्गातली निम्मी मुले अशा घरांतली असतील. त्यांनी दिवाळीला घरी गेल्यावर आईचे पासबुक उघडून बघितले तरी पुष्कळ होईल.

पाच माणसांच्या एका घराचे कार्ड सुरळीत झाले की दर महिन्याला २५ किलो धान्य घरात येते. झेरॉक्स आणि रिक्षाचे भाडे सोडले तर खर्च काही नाही. सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचेच असतात, हे काम त्यात धरा.

तरीही माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम, दोन भाकरींपुरते धान्य. गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्याला ते पुरत नाही. शिवाय त्यात डाळ नाही, तेल नाही. त्यामुळे तुम्ही वस्तू द्यायच्याच असतील तर गहू-तांदूळ देऊ नका. तूरडाळ २ किलो, शेंगदाणे १ किलो, तेल १ लिटर, गूळ १ किलो, मीठ १ किलो, थोडे तिखट-हळद एवढे द्या. आजच्या भावाने हे सगळे ६०० ते ६५० रुपयांत बसते. चौघांच्या घरात २ किलो डाळ माणशी रोज १६-१७ ग्रॅमच पडते, म्हणून शेंगदाणे सोडू नका. कूट भाजीत पडते, चटणी भाकरीबरोबर जाते आणि लेकरे ती आवडीने खातात. दोन लाखांत अशी २५ घरे वर्षभर सांभाळता येतात. घरे आधी ठरवा, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दारात जाऊन पोचवा. रांगच नसली की भांडणही नाही. आज मिळाले नाही तर पुन्हा कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून माणसे रांगेत भांडतात. "लोकांना सवय लागलीय" असे गटात कुणी म्हणाले तर त्याला एवढेच सांग.

तो पुलाव

भात आणि पुलाव यांत होणारी विषबाधा बहुधा एका ठरलेल्या कारणाने होते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यात उलट्या घडवणारे विष तयार होते. ते पुन्हा गरम करून जात नाही. कार्यालयात पाचला शिजलेला पुलाव रात्री अकराला पालावर पोचला असेल, तर त्यात आणखी काही शोधायला नको. वास आणि चव दोन्ही ठीक असतात, त्यामुळे "आम्ही चाखून बघितलं होतं" याला अर्थ राहत नाही.

हे काम पुन्हा सुरू करायचे असेल तर नियम कडक हवेत. पंगतीत किंवा बुफेच्या टेबलावर मांडलेले काहीही घ्यायचे नाही, फक्त मागच्या बाजूला झाकून ठेवलेल्या भांड्यातले. आचाऱ्याला विचारून शिजल्याची वेळ डब्यावर लिहायची. शिजल्यापासून चार तासांच्या आत ते खाऊन झाले पाहिजे, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अन्न गरम राखता येत नसेल तर दोन तासांच्या आत. गरम म्हणजे ६० अंश सेल्सियसच्या वर. बोटाने अंदाज घेऊ नका, अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. भात, पनीर, खव्याची मिठाई, दही-रायते, ओल्या नारळाची चटणी, चिरलेली कोशिंबीर रात्री उचलायचीच नाही. पुऱ्या, पोळ्या, बुंदी, लाडू, शेव, न चिरलेली फळे चालतील. झाकणाचे स्टीलचे डबे आणि चारचाकी हवी. दुचाकीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकवून अन्न न्यायचे नाही. ज्याला ताप, जुलाब किंवा हातावर जखम आहे त्याने अन्नाला हात लावायचा नाही. आणि कार्यालयाच्या मालकाला तोंडावर "हे नको" म्हणता आले पाहिजे, कारण टाकायला जीवावर येणारे अन्न तो तुमच्या गाडीत चढवणार. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९चे विनियम आहेत. त्याखाली नोंद असलेल्या संस्थेबरोबर काम करा, नाहीतर स्वतःची नोंदणी करा. छोट्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.

भगर अजिबात वाटू नका. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्रीला मराठवाड्यात भगरीतून विषबाधा वारंवार होते. २०२४च्या फेब्रुवारीत नांदेडच्या लोहा तालुक्यात महाप्रसादानंतर मोठ्या संख्येने लोक दवाखान्यात गेले होते. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी चढते, तिचे विष शिजवून जात नाही.

त्या मुलांच्या आईवडिलांना गटातले कुणी परत जाऊन भेटले का? नसेल तर आधी ते करा. काय झाले, का झाले ते त्यांना साध्या शब्दांत सांगा. पुढे पालावर तुम्हाला सर्वेक्षण करायचे आहे, आणि त्याआधी हे बोलणे व्हायला हवे.

शिजवलेले अन्न लागतच नाही असे माझे म्हणणे नाही. २०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत चुली पाण्यात होत्या, तेव्हा कोरडी डाळ देऊन काय उपयोग? अशा वेळी १०० माणसांच्या खिचडीला ९ किलो तांदूळ, साडेतीन किलो मूगडाळ, दीड किलो शेंगदाणे, सव्वा लिटर तेल, सुमारे ४०० ग्रॅम मीठ आणि ३७-३८ लिटर पाणी लागते. माणशी अर्ध्या किलोच्या वर खिचडी होते. भांडे ८० लिटरचे घ्या. ५०० माणसे असतील तर एकाच मोठ्या भांड्यात टाकू नका, खाली करपते आणि मध्ये कच्ची राहते. शंभर-शंभरचे घाणे काढा, एक वाटून होत असताना दुसरा शिजेल.

जिथे रोजची सोय आधीच उभी आहे तिथे तुमची चूल मांडू नका. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर रोज चालतो, तिथल्या विद्यार्थ्यांनी लंगरात सेवेला जावे. सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली. तुमच्या जवळचे केंद्र सध्या चालू आहे का आणि थाळ्या किती वाजता संपतात ते बघून या. चालू असेल तर पालावरच्या एकट्या म्हाताऱ्यांचे दहा-दहा रुपये भरणे हाही निधीचा चांगला उपयोग आहे.

पैसे

मित्राचा क्यूआर कोड आजच बंद करा. तो प्रामाणिक आहे याबद्दल मला शंका नाही. पण पैसे पाठवणाऱ्यांपैकी एखाद्याच्या खात्यावर सायबर फसवणुकीची तक्रार निघाली तर बँक तुमच्या मित्राचेही खाते गोठवू शकते. त्याच खात्यात त्याची शिष्यवृत्ती येत असेल. घरखर्च आणि वर्गणी एकत्र झाली की सहा महिन्यांनी कुणालाच काही जुळवता येत नाही, आणि मग चांगली मैत्रीसुद्धा तुटते.

नोंदणीकृत संस्था नसताना लोकांकडून अशा कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच. त्यापेक्षा सोपे म्हणजे कॉलेजच्या खात्यात स्वतंत्र शीर्ष उघडून घेणे, किंवा देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे ८०जी प्रमाणपत्र असलेल्या एखाद्या विश्वस्त संस्थेमार्फत पैसे घेणे. ८०जीची सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हे मोठ्या देणगीदारांना आधीच सांगा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांचे पैसे परदेशी देणगी कायद्याच्या नोंदणीशिवाय घेऊ नका. पावतीपुस्तक अनुक्रमांकाचे, सह्या दोन. दर सोमवारी जमा-खर्च फलकावर लावा, वजा शिल्लक असली तरी.

आता जमवायचे कसे. रस्त्यावर डबा हलवून आलेला पैसा एकदाच येतो. ३०० विद्यार्थ्यांनी महिन्याला २० रुपये दिले तर ६,००० होतात, म्हणजे नऊ घरांचे किट, दर महिन्याला. हे आधी बसवा. मग वस्तू. लातूर डाळींचे गाव आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी तूर बाजार समितीत येते तेव्हा आडत्यांकडे आणि डाळमिल्सकडे जा, पैसे मागू नका, डाळ मागा. तुकडा डाळ खायला तितकीच चांगली असते आणि ती द्यायला त्यांचा हात आखडत नाही. गावोगावच्या सप्ताहांना घराघरांतून धान्य आणि भाकरी गोळा होतात, काल्याच्या दिवशी पुष्कळ उरते. सप्ताह समितीला आधी महिनाभर भेटलात तर शिधा कोराच मिळेल. लग्नघरी उरलेले मागण्याऐवजी पत्रिका वाटायच्या सुमारास जा आणि पन्नास पानांचा खर्च निधीला देता का म्हणून विचारा. बरेच जण देतात, कारण आचाऱ्याला पन्नास पाने कमी सांगणे त्यांनाही सोयीचे असते.

जमलेले धान्य जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. डाळ कडक उन्हात वाळवून कोठीत भरा आणि पावसाळा संपायच्या आत संपवा. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या विषारी गोळ्या राहत्या खोलीत किंवा वसतिगृहात कधीही वापरू नका. त्यांच्या वायूने झोपेत माणसे दगावतात.

वडील आणि प्राचार्य

वडिलांना आठवड्याचे तास सांग. माझा सल्ला तीन तासांचा. परीक्षेच्या महिन्यात शून्य. कुपने आणि मासिक वर्गणी तुमच्याशिवायही चालतात, हाच या दोन कामांचा मोठा गुण. कुणाच्या तरी अंगावर सगळे पडते आणि त्याचे वर्ष वाया जाते, अशी वेळ गटात येऊ देऊ नका.

प्राचार्यांचे म्हणणे भाताबद्दल बरोबर आहे, आणि त्यांना भेटायला जाल तेव्हा तसे मान्य करूनच बोलायला सुरुवात करा. बरोबर एकच पान न्या. त्यावर चार गोष्टी : उरलेले जेवण उचलणे बंद; खानावळीची कुपने, जबाबदार प्राध्यापिका कोण; पालांवरचे रेशन सर्वेक्षण, तारीख आणि जोड्यांची नावे; आणि आतापर्यंतचा हिशेब. मित्राच्या खात्याचे विवरणपत्र आदल्या दिवशी काढून सगळ्यांनी मिळून तपासा. ३८,४०० मधला प्रत्येक खर्च लावा. काही रक्कम जुळली नाही तर ती किती, तेही त्याच पानावर लिहा, आणि उरलेले पैसे कोणत्या खात्यात वळवायचे ते प्राचार्यांकडून लेखी घेऊनच बाहेर या.